नमुना

जेलरोडच्या हॉलमध्ये पंखे तीन, चालू दोन.
दिल्लीहून आलेला अधिकारी अगदीच तरुण.
पडद्यावर त्याने नकाशा टाकलाय
आणि बटण दाबून
एकेक रेष पुसतोय.
शेजारचे सगळे देश मिळून एक संघ,
एक सभागृह, पुढेमागे चलनही एकच.
आपण सामील व्हायचं की नाही,
मार्चमध्ये मत द्यायचं.

मी मागच्या रांगेत.
छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढली,
त्यातली तेवीस तपासणीत.
कागद उजेडात धरायचा, खोट शोधायची,
सापडली की बाजूला.
चांगल्या नोटेबद्दल कोणी कधी विचारलं नाही,
खराब किती निघाल्या, तेवढंच संध्याकाळी मोजायचे.
सवय जात नाही.
भाजीवालीने परत दिलेले पन्नास रुपये
अजून बल्बकडे धरते मी.
ती म्हणते, मावशी, तुम्हीच छापलेत ना?

पगारेनाना उठले.
"ब्याऐंशी साली आमची नगरपालिका महापालिकेत गेली.
तेव्हाही असाच एक पोरगा आला होता.
पडदा नव्हता, खडू होता.
म्हणाला, तुमचं तुमच्याजवळच राहील.
आता गटार तुंबलं
की विभागीय कार्यालय म्हणतं मुख्यालयात जा,
मुख्यालय म्हणतं विभागीयला."
हॉल हसला. अधिकारीही हसला,
मग त्याने काहीतरी लिहून घेतलं.

मंगला कापडणीस बसूनच बोलली.
"गंगापूरचं पाणी जायकवाडीला सोडायचं
तर धरणावर पोलीस लागतात.
आणि खाली कोण? आपलीच माणसं.
माझी धाकटी बहीण पैठणला दिलीय.
मी फोनवर विचारते, पोचलं का गं पाणी?
ती म्हणते, तुम्ही सोडलंत कुठे?
दोघी बहिणींचं एका नदीवरून हे असं,
आणि तुम्ही आठ देशांचा एक नळ करताय."
टाळ्या पडल्या. एक पंखा बंद पडला.

दौलत सांगळे तेवढा म्हणाला, हो म्हणा.
कांद्याचा ट्रक घेऊन
बांगलादेशच्या सीमेवर अकरा दिवस उभा होता तो.
"माल ताडपत्रीखाली कोंब काढत होता.
पलीकडचा गिऱ्हाईक दिसत होता, हात करत होता.
मीपण हात केला. दुसरं काय करणार?"
त्याला कोणी टाळी दिली नाही.
सीमा पाहिलेला हॉलमध्ये तो एकटाच.

मला विचारायचं होतं नोटेचं.
मागच्या बाजूला भाषा असतात, एकीखाली एक,
त्यात आपली आठवी, बरोबर मधोमध.
चलन एक झालं तर ती कुठे सरकणार?
विचारायला उभी राहिले
आणि ती पट्टी डोळ्यांसमोर आली, तेवीस वर्षांची.
वर बंगाली.
आपल्याला अगदी चिकटून नेपाळी.
त्याखाली कुठेतरी तमिळ. तळाशी उर्दू.
वाचता यातली एकही येत नव्हती मला,
पण अक्षर फुटलं की कळायचं,
कोणाचंही फुटलं तरी.
प्रश्न तिथेच अडला. उभी मात्र राहिले होते.

"बोला ना, मावशी," अधिकारी म्हणाला.
माझ्या हातात त्याने वाटलेला फॉर्म होता,
वर छापलेलं: नमुना.
खाली तीन चौकटी. हो. नाही. सांगता येत नाही.
मी तो ट्यूबलाइटकडे धरला.
खूण नव्हती, तार नव्हती, साधा कागद.
पलीकडून त्याचा चेहरा दिसला,
घामेजलेला, माझ्या उत्तम एवढाच असेल.

"जे तुमच्या मापात बसणार नाहीत," मी म्हटलं,
"ते बाजूला काढून कुठे टाकता?"
त्याला प्रश्न कळला नाही.
प्रेसमधल्या तिघीचौघींना कळला,
त्या माझ्याकडे न बघता पदर सावरत बसल्या.
तो म्हणाला, कलम आहे त्याचं, पाठवतो.
मी बसले. फॉर्म चौघडी घालून
पाकिटात ठेवला, पन्नासच्या नोटेला लागून.

बाहेर दौलत ट्रकच्या काचा पुसत होता.
म्हणाला, काय ठरलं?
मी म्हटलं, मार्चला अवकाश आहे.